मोबाईलला वास येत नाही

मी रवी बोलतेय. जरा लांब बसूनच ऐका, कारण माझ्या अंगाला वास मारतो. आंबलेल्या मैद्याचा, आणि त्यावर दाढीच्या फेसाचा तो लिंबाचा सुगंध. दोन्ही एकत्र आले की शिसारी येते. लाकडाला शिसारी येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी त्या डेऱ्यात उतरला नाहीत.

तुम्ही मला पाहिलेलं असणार. मोबाईलवर अंगठा सरकवताना एक मातीचा डेरा येतो, मागं सारवलेली भिंत, नऊवारीतली एक पांढऱ्या केसांची आई दोरी ओढतेय, खाली बासरी वाजतेय, आणि डेऱ्यात गरागरा फिरतेय ती मी. तुम्ही बदाम दाबलात. 'आजीची आठवण आली' असं खाली लिहिलंतही असेल. त्या म्हातारीचं वय चौतीस आहे आणि केसांना पावडर फासलेली आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते सांगायलाच मी बसले आहे.

माझा जन्म पाथर्डीकडच्या डोंगराखाली एका वाडीत झाला. वाडीचं नाव सांगत नाही, तिची आधीच पुरेशी शोभा झाली आहे. छगन सुतारानं बांधावरच्या बाभळीचा एक सरळ फाटा सावलीत वाळवला आणि मला घडवलं. बाभळीत सरळ फाटा सापडणं म्हणजे मारक्या म्हशींत गरीब म्हैस सापडण्यासारखं. खालच्या पाकळ्या कोरताना एक पाकळी त्याच्या हातून टवकली. तो म्हणाला, असू दे, तेवढीच ओळख.

सत्यशीलाचं लग्न झालं तेव्हा तिच्या बापानं तिला एक म्हैस आंदण दिली आणि म्हशीच्या मागून मीही सासरी आले. तिचा नवरा रामहरी, कमी बोलणारा. घरात घुसळखांब होता, डेरा होता, सगळं माझीच वाट बघत असल्यासारखं. तांबडं फुटायच्या आत सत्यशीला माझ्या अंगाला दोरीचे वेढे घालायची आणि घुसळायला बसायची. लोणी वर आलं की त्यातलं बोटभर आधी घुसळखांबाला लावायची, मग बाकीचं. का लावायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिची आई लावायची म्हणून तीही लावायची. मला ते फार आवडायचं.

वाडीत एक रीत होती, अजूनही आहे. दूध विकावं, तूप विकावं, ताक विकू नये. ज्या घरातून घुसळण्याचा आवाज येईल त्या दारात भांडं घेऊन जायचं, आणि दारात आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. यात कुणाचे उपकार नाहीत आणि कुणाची लाज नाही. शेजारची बनुबाई तर ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली मुळीच नव्हती. ती आधी भांडं उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि मग स्वतः यायची. चार पोरं तिनं आमच्या ताकावर वाढवली. तिचा नवरा कानिफनाथ सांगायचा की सत्यशीलाच्या हातचं ताक प्यालं की औषध लागत नाही. आता हे काही खरं नव्हे, पण ऐकायला बरं वाटायचं.

दिवाळी झाली की मात्र सत्यशीला आणि रामहरी कोपरगावकडे ऊसतोडीला जात. मग मी वळचणीला, म्हैस पाहुण्यांकडे आणि पोरगी सुकन्या आईच्या पाठीशी फडावर. दरसाल निम्मी शाळा उसाच्या पाचटात जायची. पोरगी हुशार. परत आली की वर्गातली पोरं पुढं गेलेली असत आणि ही आपली मागचंच पान काढून बसायची. सत्यशीलाच्या मनात एकच गोष्ट घर करून होती, की या पोरीला पुन्हा फडावर न्यायचं नाही. पण ठेवायची कुणाकडे? सासू नाही, नणंद नाही, आणि शेजाऱ्यांवर भार टाकायला तिची जीभ उचलत नसे. ताक घालणारी बाई मागताना अशी मुकी व्हायची.

पुढं म्हैस म्हातारी होऊन मेली. दुसरी घेणं झालं नाही. दोन वर्षं मी वळचणीला धूळ खात पडले. कोळ्यांनी माझ्या पाकळ्यांत जाळी विणली. तरी सांगते, ती धूळ स्वच्छ होती.

मग एक दिवस वरद आला. केडगावचा, नगर शहराला लागूनच. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच. त्याला तुपाचा धंदा काढायचा होता आणि त्यासाठी जुन्या वस्तू गोळा करत तो गाडीतून वाड्यावस्त्या हिंडत होता. मला बघून त्याचे डोळे चमकले. मग त्यानं सत्यशीलाचं नाव विचारलं आणि ते ऐकून तर तो खुर्चीतून उठलाच.

"काकू, तुमच्या नावातच ब्रँड आहे," तो म्हणाला.

आठवड्यातून दोनदा गाडी येईल, केडगावला न्यायची, घुसळायचं, फोटो काढून घ्यायचे आणि परत. महिन्याचा पगार. सत्यशीलानं एकच गोष्ट विचारली, की दिवाळीनंतरही काम चालू राहील ना? वरद म्हणाला, दिवाळीनंतरच तर खरं काम. त्या दिवशी तिनं मला राखेनं घासलं, उन्हात ठेवलं, आणि सुकन्याला सांगितलं की आता तू शाळा सोडून कुठं जायची नाहीस. मीही खुळी. मला वाटलं, आपले दिवस परत आले.

केडगावला गोदामाच्या मागच्या बाजूला एक घर उभं केलं होतं. घर म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती. एका भिंतीला शेणाच्या रंगाचं काहीतरी फासलेलं, खुंटीला कंदील. वरदची बायको अपूर्वा रील काढायची. पोरगी कामाला वाघ. उजेड कुठून पाडायचा, दोरी कितीदा ओढायची, कुठं हसायचं, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. तिनंच सत्यशीलाच्या केसांना पावडर लावली आणि कपाळावर काळ्या पेन्सिलीनं सुरकुत्या काढल्या. तरुण बाईचं तूप कोण घेणार?

पहिल्या दिवशी डेऱ्यात खरं दही होतं. खरं सांगते, झकास होतं. लोणी वर आलं आणि सत्यशीलानं सवयीनं बोटभर लोणी त्या प्लायवूडच्या खांबाला लावलं. वरद ओरडलाच, हे भारी आहे, परत करा. तिनं परत केलं. मग उजेड नीट नव्हता म्हणून परत, मग बांगडी दिसली नाही म्हणून परत. तिच्या आईची ती सवय त्या दुपारी इतक्यांदा केली गेली की संध्याकाळी खांब ओशट झाला होता आणि सत्यशीलानं पदरानं बोट पुसलं. आधी ती ते बोट सुकन्याच्या तोंडात द्यायची.

रील चाललं. लाखो लोकांनी पाहिलं. मागण्या इतक्या आल्या की एका डेऱ्यानं भागेना. मग गोदामात तुपाचे डबे यायला लागले. कुठून येत ते मला कुणी सांगितलं नाही. डबे फुटत, बरण्या भरल्या जात, बरणीवर सत्यशीलाचा पांढऱ्या केसांचा चेहरा चिकटवला जाई आणि खाली लिहिलेलं असे, 'आईनं हातानं घुसळलेलं.' आईचा हात त्या तुपाला कधी लागला नाही आणि माझा पाय तर नाहीच.

मग खऱ्या दह्याचं काम काय? अपूर्वाच्या लक्षात आलं की ताक कॅमेऱ्यात पातळ दिसतं. म्हणून मैदा आला. मैद्याच्या पाण्याला फेस धरेना, म्हणून दाढीचा फेस आला. लोणी विकतचं, पांढरंफटक, म्हणून त्याला चिमूटभर हळद. एका पायानं लंगडणारी गाय शेजारच्या गोठ्यातून फोटोपुरती यायची आणि फोटो झाला की लंगडत जायची. या सगळ्याच्या मधोमध मी. गरागरा.

हेही सहन केलं असतं. पण शूटिंग झालं की डेरा कोणी ओतून देत नसे. पुढच्या वेळी तेच कामाला येतं म्हणून झाकून ठेवत, आणि आत मला. नगरचं ऊन, वर पत्रा. मैदा आंबला. बुडबुडे आले. वर बुरशीची जाड पांढरी साय धरली. पुढच्या खेपेला झाकण काढलं तेव्हा अपूर्वा तोंड फिरवून बाहेर पळाली, पण परत आली तेव्हा मोबाईलमधून बघून म्हणाली की दिसतंय मात्र सुंदर. आणि ते रील सगळ्यांत जास्त चाललं. 'काय ती साय!' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं हात जोडले. त्या घाणीला लोकांनी हात जोडले, आणि तिथं मला माणसाची किळस आली.

सत्यशीलानं नाकाला पदर लावला. वरद हसून म्हणाला, "काकू, पदर काढा आणि हसा. मोबाईलला वास येत नाही."

ती हसली. मी तिच्या हाताखाली होते, मला तिच्या मनगटातला ताठरपणा कळला. पण ती हसली. घरी जाऊन रामहरीला म्हणाली, हे मला वाडीत परतल्यावर कळलं, की आपण कुठं विकतो, आपण फक्त घुसळतो. तिला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. पटलेली गोष्ट माणूस एकदाच सांगतो, ती रोज सांगायची.

एकदा एक पाहुणा आला होता, त्याला म्हणे लाखो माणसं मानतात. त्यानं बरणीत बोट घातलं, चाटलं, डोळे मिटले आणि असा काही उसासा टाकला की मला वाटलं याला आई भेटली. मोबाईल खाली गेला तशी त्यानं जीभ रुमालाला पुसली आणि सांगितलं की आपण तूप खात नाही, डाएट चालू आहे. मग चूळ भरून माझ्या डेऱ्याजवळच थुंकला. जागा त्यानं बरोबर निवडली होती.

दिवाळी तोंडावर आली. वरदला मोठी ऑफर काढायची होती आणि ती थेट गावातून, लाईव्ह. प्लायवूडच्या भिंती लोकांना कळायला लागल्या होत्या. अपूर्वाचं म्हणणं पडलं की आता खरं गाव पाहिजे. खरं गाव म्हणजे सत्यशीलाचं घर. डेरा झाकणासकट गाडीत चढवला, वाटेत त्यात ताजा फेस मारला, आणि सकाळी सकाळी आम्ही वाडीत पोचलो. वरदनं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं, मागं डोंगर दिसावा म्हणून.

इथंच तो चुकला. केडगावच्या गोदामात कितीही घुसळा, कोण येतंय? पण वाडीत दार उघडं टाकून घुसळणं म्हणजे आवतण. दोन वर्षांहून जास्त काळानं त्या घरातून माझा आवाज निघाला, घर्र घूम, घर्र घूम, आणि बोळातून भांड्यांचा आवाज सुरू झाला. मला तो आवाज इतका ओळखीचा होता की क्षणभर मी आनंदले. मग माझ्या लक्षात आलं की मी कशात उभी आहे.

बनुबाई सगळ्यांत पुढं. तिच्या हातात तोच जुना जर्मनचा डबा, बुडाला पोचा आलेला. मागं आणखी चारपाच बाया, कुणाकडे तांब्या, कुणाकडे चरवी. बनुबाईनं डबा नेहमीसारखा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि सांगितलं की कानिफनाथाच्या पोटात तीन दिवस काही ठरत नाही, आज सकाळी आवाज ऐकला आणि स्वतः उठून म्हणाला, सत्यशीला घुसळतीय, जा, ताक आण, ताकभात खातो.

सत्यशीलाचे हात थांबले.

वरदला तर घबाड सापडलं. तो मोबाईलकडे तोंड करून बोलायला लागला, की बघा, हे आपलं गाव, ही आपली संस्कृती, आई कुणाला रिकामं पाठवत नाही. आणि मग सत्यशीलाकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "द्या ना आई, मावशींना ताक."

अपूर्वाचा चेहरा उतरला. तिला डेऱ्यात काय आहे ते आठवलं. त्यालाही आठवलं असणार, पण समोर बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. सत्यशीला हलेना तसा तो वाकला, मोबाईलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिच्या कानाशी पुटपुटला, की देऊन टाका, घरी नेऊन ओततील, मी नंतर सगळ्यांना तुपाची एकेक बरणी देतो. मी त्या दोघांच्या मधेच होते. मी ऐकलं.

सत्यशीलानं वगराळं उचललं. डेऱ्यात बुडवलं. ते भरून वर आलं, वर पांढरा फेस, खाली ती आंबलेली खळ. दारात सुकन्या उभी होती, शाळेचा गणवेश घालून, दप्तर पाठीला. सत्यशीलानं तिच्याकडे बघितलं. पगार गेला तर त्या दप्तराचं काय होणार, हे मला कळत होतं तर तिला कळत नसेल? मग तिनं बनुबाईच्या डब्याकडे बघितलं. वगराळं तसंच परत डेऱ्यात सोडलं.

"बनुमावशी, डबा पालथा घाल," ती म्हणाली. "ह्ये ताक न्हाई."

"मग काय हाय?"

"मैद्याचं पानी हाय, नासल्यालं. वर दाढीचा साबन हाय. कानिफकाकाला ह्ये पाजायचं न्हाई. अन् ह्यांच्या बरन्यांत जे हाय ते बी मी घुसळल्यालं न्हाई."

अपूर्वानं झडप घालून मोबाईल बंद केला. पण पाण्यात पडलेला दगड झडप घालून परत येत नाही. बनुबाई डेऱ्याजवळ आली, वाकली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एका माणसानं माझ्या अंगाचा वास घेतला. मग तिनं डबा उचलला, पालथा धरला आणि गेली. बाकीच्याही तशाच गेल्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

वरद रागानं लाल झाला होता. एवढं काय आभाळ कोसळणार होतं, असं तो म्हणाला. घरी नेऊन ओतलंच असतं त्यांनी.

सत्यशीला पदरानं केसांतली पावडर पुसत होती. "त्यांनी वतलं नसतं, दादा," ती म्हणाली. "माझ्या हातचं कुनी वतत न्हाई."

वरदनं डेरा तिथंच अंगणात ओतायला लावला, आणि त्या जागेकडे दोन दिवस कुत्रंही फिरकलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की वरदचा धंदा बसला. तुम्ही भोळे आहात. दोन दिवस मोबाईलवर आरडाओरडा झाला. तिसऱ्या दिवशी वरदनं हात जोडून एक रील टाकलं, की ते ताक केवळ प्रतीकात्मक होतं, तूप मात्र शुद्धच आहे, आणि काही लोकांनी आमच्या भोळ्या आईचे कान भरले. लोकांनी त्यालाही बदाम दिले. वर दिवाळीची सूट होती. आता नवी आई आहे, नवी रवी आहे. मी सुकन्याच्या बापाच्या मोबाईलवर पाहिली. तिच्या सगळ्या पाकळ्या शाबूत आहेत आणि अंगाला पॉलिश आहे. मधूनमधून माझंही जुनं रील फिरतंच. मला कुणी विचारलं नाही, बंद करू का म्हणून.

पगार थांबला. रामहरी कोयत्यांना धार लावत बसला. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रॅक्टर वाडीत आला, भांडीकुंडी चढली, आणि सुकन्याचं दप्तरही एका बोचक्यावर चढलं. पोरगी रडली नाही. तिनं पुस्तकं आधीच एका पिशवीत घट्ट बांधून ठेवली होती, ते बघून सत्यशीलाच रडली.

तेवढ्यात बनुबाई आली. तिच्या हातात भांडं नाही, असं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. ती थेट ट्रॅक्टरपाशी गेली, बोचक्यावरचं दप्तर खाली काढलं आणि सुकन्याच्या हातात दिलं. पोरगी माझ्याकडं राहील, म्हणाली. सत्यशीला म्हणायला लागली, की मावशी, काका आजारी, तुझ्यावर कशाला भार.

बनुबाईला राग आला. खरा राग, मी तो ओळखते.

"इतकी वरसं तुझ्या दारात येतीय," ती म्हणाली, "मी कधी भांडं लपवलं का? मग तू का लपवतीस? पोर ठेवायची हुती तर मागायचं की."

सत्यशीला घरात गेली आणि मला घेऊन बाहेर आली. तिनं मला राखेनं घासलं होतं, उकळत्या पाण्यात टाकलं होतं, आठ दिवस उन्हात ठेवलं होतं. तिनं मला बनुबाईच्या हातात दिलं आणि सांगितलं, की हिचा वास जात नाही आणि जाळायला हात धजत नाही. मग ट्रॅक्टर गेला.

आता मी बनुबाईच्या वळचणीला आहे. खाली सुकन्या ओसरीवर अभ्यास करते. कानिफनाथ बरा आहे, उन्हात बसून तिला पाढे विचारतो आणि स्वतःच चुकतो. मार्चपर्यंत तरी दप्तर कुठल्या ट्रॅक्टरवर चढायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मी तुमच्या मोबाईलमध्ये दिसले, तर बदाम दाबू नका. जमलं तर भांडं घेऊन त्या दारात जा, उंबऱ्याच्या आत ठेवा आणि ते भरतं का बघा. तेवढं जायला वेळ नसेल, तर निदान हात तरी जोडू नका.

बनुबाई रोज सकाळी अंगण झाडून झालं की मला खाली काढते, नाकाशी नेते, तोंड वाकडं करून 'शी' म्हणते आणि पुन्हा उन्हाच्या बाजूला अडकवते. लाखो माणसांनी माझं कौतुक केलं. मला त्या एका 'शी'नंच बरं वाटतं.